धड बसणं

दादाला झटका आला तो कामावरच. सोफ्याचा सांगाडा तयार होता, पट्टे ताणून झाले होते आणि तो हातात हातोडी घेऊन, ओठांत चुका धरून शेवटचा कोपरा ठोकत होता. चुका म्हणजे ते बारीक खिळे. या धंद्यातली माणसं ते तोंडातच ठेवतात आणि जिभेने एकेक पुढे सारतात. तर त्या चुका एकाएकी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून खाली सांडल्या. समोर उभ्या असलेल्या धाकट्या भावाला आधी वाटलं, दादाला हसू फुटलंय. मग दादाही पडला.

दोघा भावांचं गाद्या-सोफ्यांचं दुकान होतं. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. धाकट्याला दादा लहानपणापासून छोट्या म्हणत आला होता, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी तेच नाव त्याला चिकटून राहिलं होतं. काम दोघेही करायचे. बोलायचं खातं मात्र दादाकडे. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं, कापडवाल्याला झापणं, छोट्याने घातलेल्या टाक्यात खोट काढणं ही सगळी कामं तो आवडीने करायचा. छोट्या मान खाली घालून शिवत बसायचा आणि मनात असेल तेच करायचा.

जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय होते जागच्या जागी, पण सांगितलेलं ऐकेनासे झाले. बोलणं जरा जड झालं, इतकंच. 'जीभ शाबूत राहिली,' असं डॉक्टर म्हणाले तेव्हा दादाच्या बायकोने हात जोडले. दुसऱ्याच दिवशी जेवण अळणी आहे म्हणून त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

हात-पाय जातात हे दादाने ऐकलेलं होतं. बसणंही जातं हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं की तो डावीकडे कलायचा, भिंतीला टेकवून ठेवलेली फोमची गुंडाळी घसरावी तसा. आणि गंमत म्हणजे कललेला असताना त्याला आपण अगदी ताठ आहोत असं वाटायचं. कुणी सरळ करायला गेलं की तो उजव्या हाताने गादी घट्ट धरून ओरडायचा, "अरे, पाडताय काय मला!"

त्याच्या व्यायामासाठी यायची ती फिजिओताई ठेंगणी, चष्मेवाली आणि आवाजाने करारी होती. पहिल्या दिवशी तिने त्याच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काका, हात-पाय नंतर. आधी धड बघू."

"ताई, धड काय उरलंय माझं?"

"तेच म्हणतेय. हे खांद्यापासून कमरेपर्यंतचं. ते डुगडुगत असेल तर हात उचलायला जोर कुठून आणाल? आधी धड बसायचं. मग पुढचं."

ती त्याच्या उजव्या बाजूला बसायची आणि म्हणायची, "माझ्या खांद्याला खांदा लावा." तो लावायला जायचा आणि त्याला दरीत उडी मारल्यासारखं व्हायचं. पण तिने सोडलं नाही. घरी जायची वेळ आली तेव्हा दादा पलंगाच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, कुणी न धरता थोडा वेळ बसू लागला होता. तिने घरच्यांना समजावलं, की घरी खुर्चीत बसवा, डावीकडे आधार द्या, पुढे टेबल घेऊन त्यावर डावा हात ठेवा, आणि रोज काही वेळ कडेला असंच मोकळं बसवा. छोट्याने त्यातला 'आधार' हा शब्द उचलला. मोकळं बसवायचं तेवढं कानांआड झालं.

दुकानातली सगळी कामं बाजूला सारून तो खुर्चीला भिडला. पाठ उंच केली. डाव्या अंगाला काखेपर्यंत येणारी जाड उशी केली, उजव्या अंगाला जरा पातळ. बैठक मागे किंचित उतरती ठेवली, म्हणजे माणूस पुढे घसरणार नाही. छातीवरून जाणारा पट्टा केला आणि तो काचू नये म्हणून त्याला आतून मऊ अस्तर लावलं. पुढे हातासाठी फळी बसवली. वरून कापड चढवलं ते गर्द हिरवं, दादाने बड्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेलं. दादा दुकानात असता तर त्याने छोट्याला त्या कापडाला हात लावू दिला नसता.

दादाला तीत बसवलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस सरळ दिसत होता. जेवताना घास गालावर न जाता तोंडात जात होता. आणि काही दिवसांत खरंच एक नवल झालं. अंग चारी बाजूंनी धरलेलं, पडायची भीती नाही, त्यामुळे फळीवर ठेवलेला डावा हात हळूच पुढे सरकला. आधी बोटं, मग पंजा, मग फळीवरचा रिकामा पेला ढकलण्याइतका. बायकोने शेजारणीला बोलावून ते दाखवलं. भेटायला येणारे म्हणायचे, "काय राजासारखा बसलायस!" दादाही राजासारखा मान हलवायचा.

सकाळी त्याला खुर्चीत घालायचे आणि जेवून झोपायच्या वेळी काढायचे. पलंगाच्या कडेला बसायचं ते एकदा राहिलं, मग दोनदा, मग त्याचं नावच निघेना. इतका छान बसतोय, मग त्या कडेवर कसरत कशाला, असं घरच्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर दादालाही तेच वाटायचं.

तपासणीला जायचा दिवस आला. खुर्ची काही टॅक्सीत मावणारी नव्हती. दादाला मागच्या सीटवर बायकोच्या उजव्या हाताला बसवलं, छोट्या पुढे बसला. पहिल्याच वळणाला दादा सरळ बायकोच्या अंगावर आडवा झाला. तिने ढकलून बसवला. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अहो, लग्न झालं तेव्हासुद्धा इतके जवळ सरकला नव्हतात." टॅक्सीवाला हसला, छोट्या हसला. दादाचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिथून त्याला फक्त छताचं फाटकं अस्तर दिसत होतं. ते कुणी शिवलंय याची लाज त्याला आधी वाटली. स्वतःची वाटली ती नंतर.

फिजिओताईने त्याला तपासणीच्या पलंगावर बसवलं, पाय जमिनीला टेकवले आणि स्वतःचा हात काढून घेतला. दादा कापसाच्या पोत्यासारखा डावीकडे गेला. तिने झेललं. "पुन्हा करू." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हात काढलाच नाही. वॉर्डातला पलंग असाच होता. इथूनच तो घरी गेला होता, बसून, मांडीवर हात ठेवून.

"घरी कशावर बसता?" तिने विचारलं.

छोट्याने मोठ्या अभिमानाने फोन काढला आणि खुर्चीचे फोटो दाखवले. समोरून, बाजूने, पट्टा लावून, पट्टा काढून. तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"कुणी केली?"

"मी."

"फार सुंदर केलीय. आमच्याकडे विकत मिळते तीसुद्धा अशी नसते. हात हलायला लागला म्हणालात ना, तो हिच्यामुळेच. धड धरलेलं असलं की हाताला मोकळीक मिळते." तिने फोन परत दिला. "पण काका, आता ही खुर्ची बसतेय. तुम्ही बसत नाही आहात. पाठीला आणि पोटाला दिवसभर काही कामच नाही."

छोट्याचा चेहरा पडला. दादाच्या ते लक्षात आलं.

"मग काढून टाकू?" बायकोने विचारलं.

"एकदम नाही. थोडं थोडं कमी करायचं. आणि रोज मोकळं बसायचं, कुणीतरी शेजारी असताना. मी घरी येऊन दाखवते."

घरी परतल्यावर दादा छोट्याला म्हणाला, "उद्या हत्यारं घेऊन ये. डावी उशी पातळ कर."

छोट्या म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी त्याला हॉटेलवाल्याची ऑर्डर होती. तिसऱ्या दिवशी करवतीचं पातं बोथट झालं होतं. पुढे फोमवाला गावाला गेला होता, आणि उशी कमी करायला नवा फोम कशाला लागतो ते छोट्याला सांगता येईना. दादाने ओळखलं, की याच्या मनात नाही. धाकटा भाऊ कधी 'नाही' म्हणत नसे. तो फक्त करत नसे.

दादाला राग आला. छोट्याचा आला, खुर्चीचा आला, पण सगळ्यांत जास्त आला स्वतःच्या पाठीचा. उभी हयात त्याने वाकून, उकिडवं बसून, सांगाड्यात डोकं घालून काम केलं होतं. ती पाठ आता दिवसभर लोडाला रेलून फुकटचं खात होती. त्याने मनाशी ठरवलं. कुणी काढत नसेल तर मी काढीन.

दुपारी बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. फळीच्या कप्प्यात कैची असायची, त्याला वर्तमानपत्रातलं काहीबाही कापायचा नाद होता म्हणून. ती त्याने उजव्या हाताने काढली आणि डाव्या उशीच्या शिवणीकडे नेली. हात पोचेना. छातीचा पट्टा आडवा येत होता. त्याने पट्टा सोडला. मग उजवा खांदा पुढे काढून, अंगाला पीळ देऊन, कैचीचं टोक शिवणीत घातलं. टाका बारीक होता, छोट्याचा टाका, दुहेरी दोऱ्याचा. एक तुटला. दुसरा तुटला. घामाने शर्ट पाठीला चिकटला. मध्ये मध्ये तो परत सरळ होऊन दम खायचा, आणि परत सरळ होतोय हे त्याला कळतही नव्हतं, कारण लक्ष सगळं शिवणीत. अखेर उशीचं तोंड उघडलं आणि त्याने मूठ घालून आतला फोम उपटला. एक तुकडा, दोन तुकडे. खोळ लोळागोळा झाली. दादाने विजयी मुद्रेने कैची फळीवर आपटली.

आणि डावीकडे गेला.

पडला नाही. खुर्चीचा हात मध्ये आला, त्यावर तो कमरेत दुमडून लटकला. डोकं जमिनीकडे, उजवा पाय हवेत. त्याने उजव्या हाताने ढकलून पाहिलं तर आणखी खाली गेला. हाक मारायला तोंड उघडलं तर पोट दबलेलं असल्यामुळे आवाज फुटेना. तिथून त्याला कपाटाखालची जमीन नीट दिसत होती. तिथे धूळ होती, एक बटण होतं आणि बायकोने ज्याच्यावरून महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं ते चष्म्याचं घर होतं.

ती खाली आली, बादली टाकून धावली, दोन्ही काखांत हात घालून त्याला वर ओढलं आणि मग तिला बोलायला श्वास मिळाला.

"काय झालं? कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"तुझं चष्म्याचं घर कपाटाखाली आहे," दादा धापा टाकत म्हणाला.

तिला हसावं की रडावं कळेना. तिने छोट्याला फोन केला.

छोट्या दुकान उघडं टाकून आला. दारातच थबकला. खुर्चीचं डावं अंग फाटलेल्या पिशवीसारखं लोंबत होतं आणि फोमचे तुकडे खोलीभर पसरले होते. तो खाली बसला, शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "उसवायचं तर नीट उसवायचं. कापड कापलंस, दादा."

"मग तू का नाही उसवलंस?"

छोट्या शिवणीतले तुटके दोरे वेचत राहिला.

"अरे, विचारतोय मी! ताईने सांगितलं, मी सांगितलं. तुझ्या कामाला कुणी हात लावायचा नाही, असं आहे का?"

"कामाचं कोण बोलतंय!" छोट्याचा आवाज चढला. दादाने तो इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तू पडलास तेव्हा मी समोर होतो. हातभर अंतरावर. मला वाटलं तू हसतोयस. नुसता बघत राहिलो. आता पुन्हा पडलास तर ते मी नाही बघायचो, सांगून ठेवतो."

दादाची बायको आत निघून गेली.

"छोट्या," दादा म्हणाला, "मी काय जन्मभर ठोकून बसवल्यासारखा राहू का? मला तुझ्याशी भांडायला दुकानात यायचंय. इथे तू ऐकून घेतोस. मजा येत नाही."

छोट्याने नाक पुसलं. मग फोमचा एक तुकडा उचलला, बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, "पानं करू याची. पातळ पातळ. एकावर एक रचायची आणि खोळीला चिकटपट्टी लावायची. पाहिजे तेव्हा एक पान काढायचं, नाही जमलं तर परत घालायचं. कापायचं काही नाही."

"आत्ता कसं डोकं चाललं."

"आणि मी समोर असल्याशिवाय एकही पान निघणार नाही."

"बरं बाबा."

फिजिओताई आली तेव्हा तिला ती पानांची उशी इतकी आवडली, की तिने उघडून झाकून दोनदा पाहिली. पहिलं पान तिनेच काढलं. दादाला काही फरक वाटला नाही. दुसरं निघालं तेव्हा संध्याकाळपर्यंत त्याची कंबर भरून आली. "दुखतेय म्हणजे कामाला लागलीय," ती म्हणाली, "पण खुपायला लागली तर थांबायचं, हट्ट करायचा नाही." शेवटचे शब्द तिने दादाच्या बायकोकडे बघून उच्चारले.

आणि पलंगाची कड पुन्हा सुरू झाली. पाय सपाट टेकलेले, समोर स्टूल, डाव्या अंगाला बायको किंवा छोट्या. आधी नुसतं बसायचं. मग उजवीकडे ठेवलेली वस्तू वाकून घ्यायची आणि परत मध्ये यायचं. वाकणं सोपं होतं. परत येताना पोटातलं सगळं बळ एकवटावं लागायचं. मग डावीकडे. डाव्या कुल्ल्यावर वजन द्यायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा, कारण त्या बाजूला त्याच्या लेखी काही नव्हतंच, नुसता खड्डा. फिजिओताई म्हणायची, "आहे काका, जमीन आहे तिथे. टेकून बघा." तो दात-ओठ खाऊन टेकायचा. कधी जमीन लागायची, कधी बायकोचा खांदा.

ती त्याला प्लॅस्टिकचे पेले उचलून इकडचे तिकडे ठेवायला लावायची. दादा लवकरच कंटाळला. "ताई, मी काय चहावाला आहे? काहीतरी कामाचं द्या." तेव्हापासून छोट्या दुकानातून पिशवी भरून काम आणायला लागला. दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावायची. झालरीची पट्टी गुंडाळायची. गुंता सोडवायचा, ज्यात एक टोक डाव्या मुठीत धरून ठेवायला लागायचं. फिजिओताईने ते पाहिलं आणि पेले कायमचे पिशवीत टाकले.

वाट काही सरळ नव्हती. मध्येच त्याला ताप भरला. ताप उतरला तेव्हा पाय सोडून बसवल्यावर तो पुन्हा पोत्यासारखा कलला. छोट्याने न बोलता पानं परत उशीत घातली, सगळी. दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. बायको जेवण घेऊन आली तर भिंतीकडे तोंड. तिसऱ्या दिवशी तिने ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "रुसायचं असेल तर बसून रुसा. आडवं पडून रुसलेला माणूस बरा दिसत नाही." त्याने रागाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कडेला घे मला."

पहिल्यापासून सुरू झालं, पण या खेपेला अंगाला वाट माहीत होती. पानं आधीपेक्षा भरभर निघाली. डावी उशी अशी काही उरली नाही, तेव्हा छोट्याने ती खोळ धुऊन, घडी घालून ठेवून दिली.

मग दुकानात जायचा विषय निघाला. दादाची अट एकच होती. पट्टा नको. फिजिओताईने कमरेला आणि छातीला धरेल असा कापडी पट्टा प्रवासासाठी सुचवला होता आणि छोट्याने तो शिवलाही होता. दादा म्हणाला, "गल्लीतले लोक बघतील. बांधून आणलाय म्हणतील." बायकोने समजावलं, छोट्याने समजावलं. दादा ढिम्म. शेवटी फिजिओताईच म्हणाली, "काका, गाडी वळणं घेते तेव्हा तुमचं धड सगळा जोर नुसतं सावरण्यात घालवतं. दुकानात पोचाल तेव्हा थकलेले असाल. जोर कुठे खर्च करायचा ते तुम्ही ठरवा. टॅक्सीत की कामावर?"

टॅक्सी आली त्या सकाळी दादाने स्वतःच उजवा हात पुढे केला आणि म्हणाला, "आण तो पट्टा. आवळून बांध, ढिला नको." गल्लीतल्या लोकांनी पाहिलं. एकाने विचारलंही, "हे काय दादा?" दादा म्हणाला, "सीट-बेल्ट. तुमच्या गाडीला नाही का?"

दुकानात शिरताच त्याने मोठा श्वास घेतला. डिंक, फोम, ताजं लाकूड. छोट्याने दुकानातली एक पाठीची खुर्ची पुढे केली. दादाने मान हलवली आणि कामाच्या टेबलासमोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. त्या बाकाला पाठ नव्हती. दोघांनी त्याला बसवलं, पाय नीट टेकवले, पट्टा सोडला. बायको डाव्या अंगाला शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली, हात मोकळे ठेवून.

टेबलावर एका दवाखान्याच्या सोफ्याची पाठ पालथी पडली होती. तिला बटणं लावायची होती. दाभण समोरून मागे काढायचा, दोरा ओढायचा आणि बटण फोममध्ये खोल गेलं की मागे गाठ मारायची. ओढायला जोर लागतो. उभा माणूस ते हाताने करतो. बसलेल्याला अंग मागे टाकावं लागतं.

"मी ओढतो," दादा म्हणाला.

"हळूहळू घे. आज नुसतं बघ," छोट्या म्हणाला.

"बघायला आलो नाही."

छोट्याने दाभण आरपार काढला आणि दोऱ्याची दोन्ही टोकं दादाकडे दिली. दादाने ती उजव्या हाताने डाव्या मुठीभोवती गुंडाळली, वरून उजवी मूठ आवळली. मग पाय जमिनीत रोवले. डावी टाच टेकतेय का ते मनातल्या मनात तपासलं. टेकत होती, जरा कमी, पण होती.

मग तो मागे झुकला. हळूच नाही, वजन टाकून. मागे काहीच नव्हतं. दोरा ताणला गेला, फोम करकरला, बटण बुडायला लागलं. दादाचं पोट थरथरत होतं, कपाळावरची शीर टरारली होती. एका क्षणी डावा खांदा खाली जायला लागला आणि बायको स्टुलावरून अर्धी उठली. दादाने दात आवळले आणि खांदा परत ओढून वर घेतला.

"गाठ मार की!" तो ओरडला. "काय बघतोस?"

छोट्याचे दोन्ही हात दादाच्या पाठीमागे होते, वीतभर अंतरावर, न लावता. तो ते काढून पुढे धावला आणि गाठ मारली. दादाने दोरा सोडला आणि पुढे आला. मध्ये येऊन थांबला. थोडा डुलला, मग स्थिर झाला.

"पाठीमागे हात धरले होतेस," तो दम खात म्हणाला.

"लावले नव्हते."

"ऊब लागत होती."

"लागू दे."

दादाने बटणाकडे पाहिलं. ते शेजारच्या बटणापेक्षा किंचित जास्त खोल गेलं होतं. एरवी असं बटण त्याने छोट्याकडून उसवून घेतलं असतं. छोट्या वाट बघत उभा राहिला.

"चालेल," दादा म्हणाला. "दुसऱ्याला जरा कमी ओढतो. दाभण आण."